शनिवारचा गेंडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

१४६/९२.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी मशीन लावायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. त्यासाठी ही वही आणली. पण एवढ्या मोठ्या पानावर एकच आकडा लिहिला की पान उघडं पडल्यासारखं दिसतं, आणि मला उघडं काही बघवत नाही. बावीस वर्षं सोफ्यांना कापड चढवतेय, त्याचा परिणाम. उरलेल्या जागेत थोडंथोडं लिहीन.

घरात तीन माणसं. हे, मी आणि माझे सासरे, अप्पा. खाली दुकान, वर घर. हे सोफ्यांचे सांगाडे दुरुस्त करतात, पट्ट्या ताणतात, स्प्रिंगा बसवतात. मी फोम कापते, कव्हरं शिवते. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. छापखान्यात जन्मभर खिळे जुळवले, म्हणजे शिशाची अक्षरं. आमच्या दुकानात लोखंडी खिळे. एकूण हे घर दोन पिढ्या खिळ्यांवरच उभं आहे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसलं टेन्शन आहे का?" म्हटलं, कसलंच नाही. खरंच नाही. दुकान चालतंय, नवरा शांत आहे, सासरे कटकटे असले तरी करमणूक करणारे कटकटे आहेत. शनिवारी संध्याकाळी गेंड्यामुळे बीपी चढत असेल तर तेवढंच. ते मी त्यांना सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

१४४/९०. हा सकाळचा. संध्याकाळी मोजायचा नाही असं ठरवलंय.

गेंड्याबद्दल लिहून ठेवते. नाहीतर उद्या ही वही कुणाच्या हाती लागली तर वाटायचं, बाई प्राणिसंग्रहालयात कामाला होती.

गेंडा म्हणजे टीव्हीवरचा कुस्तीवाला. दर शनिवारी सहा वाजता. अंगाने कपाटाएवढा, डोक्यावर राखाडी टोपी, टोपीला पुढे शिंग. तो मान खाली घालून पाय घासायला लागला की सगळं स्टेडियम ओरडतं, "शिंग लाव!" आणि समोरचा दोरांवरून बाहेर. ह्यांचं मत असं की, "सगळं खोटं असतं ते. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं." मी म्हणते, लग्नात तरी नवरदेव कोण ते आधी ठरलेलं नसतं का? म्हणून लोक जायचे थांबतात?

बारा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यानंतर अप्पा दोन महिने बोलले नाहीत. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. एका शनिवारी मी पडद्याला दुमड घालत बसले होते, टीव्ही उगाच चालू होता. एका टकल्याने गेंड्याच्या पाठीत मागून खुर्ची घातली, आणि पंच नेमका दुसरीकडे बघत होता. अप्पा ताडकन उठले आणि त्यांनी पंचाला अशी सणसणीत शिवी हासडली की माझ्या हातातली सुई पडली. बायको गेल्यावर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मग माझ्याकडे बघून ओशाळले. मी म्हटलं, "बरोबर बोललात, अप्पा. आंधळाच आहे मेला." तेव्हापासून शनिवार आमचा. सासरा-सून एका सोफ्यावर बसून बोंबलतात, हे आपले स्वयंपाकघरात कांदा चिरत बसतात.

आजची मॅच मात्र विचित्र झाली. ऐन भरात गेंडा थांबला. वर दिव्यांकडे बघत उभा राहिला, कान दिल्यासारखा. पंच जवळ गेला, त्याच्या मानेवर हात ठेवून काहीतरी बोलला, मग खेळ पुढे चालू. मला वाटलं, हे नवीन नाटक काढलंय. मी हसले. अप्पा हसले नाहीत. "त्याला कुणीतरी बोलावतंय," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

चहा गार झाला होता, म्हणून असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

१४२/९०. अप्पांना त्या कसल्याशा संस्थेचं वार्षिक पाकीट आलं. नेहमीप्रमाणे न उघडता ड्रॉवरमध्ये गेलं. वर्गणीवाले फार चिवट असतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज आकडा घेतला नाही.

सकाळी शटर अर्धंच वर केलं होतं, तोच घड्याळजी खाली वाकून आत आले. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आमचं गेंडा-मंडळ तिथेच भरतं, मागच्या खोलीत. भिंतभर गेंड्याचे फोटो. त्यांच्या डोळ्याला भिंग तसंच अडकलेलं होतं. म्हणाले, "वहिनी, रेडिओ लावा."

काल संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत गेंड्याने पंचाला मारलं. लोखंडी स्टुलाने. चौघांनी धरेपर्यंत मारत होता. पंच बेशुद्ध आहे, डोक्याचं ऑपरेशन झालं. गेंडा पोलिसांना सांगत होता की पंच माझ्या पाण्यात विष घालतो, मला दिव्यांतून सांगितलंय.

मी दुकानात एका खुर्चीची बैठक उसवत होते. दुपारपर्यंत तीच उसवत राहिले. हे येऊन म्हणाले, "अगं, आता नुसतं लाकूड राहिलंय."

वर गेले तर अप्पांनी टीव्हीचा प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली होती. नीट, रबर लावून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

१५८/९६.

१४ फेब्रुवारी, शनिवार

१५४/९४.

सहा वाजता काय करायचं तेच सुचेना. मंडळाची बैठक होती, गेले. एरवी बारा-चौदा जण असतात, आज सात.

घड्याळजी म्हणाले, हा सगळा बनाव आहे. पुढच्या महिन्याच्या मोठ्या मॅचसाठी उठवलेली हूल. "शिंगाची शपथ, पुढच्या शनिवारी पंच रिंगमध्ये उभा दिसेल बघा."  पीटी सरांनी मंडळाचं कार्ड टेबलावर फाडलं. "माझी मुलं शाळेत त्याच्यासारखी टोपी घालून फिरतात. काय सांगू त्यांना?" मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टर कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अशा आजारात माणसाला खरंच ऐकू येतं हो. आपल्याला माझा आवाज येतोय ना, तसं. औषधाने बरं वाटतं."

पीटी सर म्हणाले, "म्हणजे सोडून द्यायचं?"

"सोडा कोण म्हणतंय? पंचाच्या डोक्याला टाके मी मोजलेत, सर. एकतीस आहेत. आजार आहे एवढंच म्हणतेय."

   माझं काय आहे, तर मला तो आवडायचा. अजूनही आवडतो की काय, याची भीती वाटतेय.

घरी येऊन अप्पांना सिस्टरचं म्हणणं सांगितलं. ते एकदम भडकले. "आजारबिजार काही नसतं! हरामखोर असतात असले. कोंडून घालावं आणि किल्ली विहिरीत फेकावी. मागे वळून बघू नये." एवढे मोठ्याने की हे सुरी हातात घेऊनच बाहेर आले.

त्यांचा जीव जास्त होता त्याच्यावर. म्हणून राग जास्त.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

१५०/९२. आज ह्यांना उगाच तोडून बोलले. हे सकाळी पेपर वाचत होते, मी म्हटलं, "घ्या, तुम्ही म्हणायचात ना सगळं खोटं असतं? झालं एकदाचं खरं. खूश?" ह्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि खाली गेले. थोड्या वेळाने मी खाली गेले, तर माझ्या मशीनमध्ये तेल घातलेलं होतं, बॉबिनी भरून रांगेत लावलेल्या. आमच्यात भांडण झालं की माझ्या मशीनची सर्व्हिसिंग होते. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे म्हणाले, "पायपिंगचं कापड कमी पडेल, आणायला हवं."

२१ फेब्रुवारी, शनिवार

१४८/९२.

अप्पा फिरायला गेल्यावर प्लग लावला आणि घड्याळजींनी दिलेल्या जुन्या मॅचच्या सीडी बघितल्या. चोरी करतेय असं वाटत होतं. गेंडा आला, मान खाली घातली, पाय घासले, आणि माझे हात आपोआप वर गेले. एकटी होते म्हणून बरं.

मग लक्षात आलं की मी पंचाकडे कधी बघितलंच नाही. बारा वर्षं तो प्रत्येक मॅचमध्ये आहे. पट्टेरी शर्ट, बुटका, डोक्यावर विरळ केस, पोट थोडं सुटलेलं. आपल्या बँकेतल्या कॅशियरसारखा. आज फक्त त्याच्याकडे बघायचं ठरवलं. गेंडा पडला की तो गुडघ्यावर बसून त्याचा हात हातात घेतो. आपल्याला वाटतं, नाडी बघतोय, शुद्धीवर आहे का बघतोय. पण तो हात दाबतो. दोनदा. आणि गेंडा परत दोनदा दाबतो. मग पंच उठून आकडे मोजायला लागतो. प्रत्येक मॅचमध्ये. मी चार मॅच बघितल्या. हात दाबणं चुकलं नाही.

आणि आम्ही त्याला आंधळ्या म्हणायचो.

मागून आवाज आला, "त्याला शुद्ध आली का?" अप्पा दारात उभे. केव्हा आले कोण जाणे. म्हटलं, आली काल, पेपरात आहे. उजवा डोळा मात्र गेला. अप्पा आत आले नाहीत, गेलेही नाहीत. चौथी मॅच संपेपर्यंत तिथेच चौकटीला धरून उभे होते. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, "माझे गुडघे उभ्यानेच बरे राहतात."

उभ्याने गुडघे बरे राहतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

१५२/९४.

पेपरात गेंड्याच्या बहिणीची मुलाखत आली आहे. त्याला आता मनोरुग्णालयात ठेवलंय, खटला नंतर चालेल. ती म्हणते, त्याला तीन वर्षं गोळ्या चालू होत्या आणि पंचाला ते माहीत होतं. पंचच डब्यात भरून द्यायचा. पण गोळ्यांनी त्याला सुस्ती यायची, पाय जड व्हायचे. रिंगमध्ये लोक ओरडायला लागले, "गेंड्या, झोपलास का?" मालकही तेच बोलले. तेव्हा त्याने सहा महिन्यांपूर्वी गोळ्या सोडल्या.

मी ओरडले होते. ह्याच सोफ्यावर बसून. "गेंड्या, झोपलास का? जागा हो!" अप्पाही ओरडले होते. त्यानंतर तो परत चपळ झाला, तेव्हा आम्ही दोघांनी बिस्किटांचा पुडा फोडला होता.

आमचं ओरडणं ऐकायला तो थोडाच बसला होता? लाखो लोक बघतात. पण लाखांत आपण दोघं होतोच की.

१ मार्च, रविवार

१४६/९०.

एका जुन्या आरामखुर्चीला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत होते, अप्पा शेजारी बसून एकेक चूक हातात देत होते. त्यांना बरं वाटतं असलं काम. मध्येच म्हणाले, "तिकडे नेलेल्याला भेटायला कोणी जातं का गं?"

"जात असतील की. सिस्टर म्हणतात, भेटीचे वार ठरलेले असतात."

"कोणी जात नाही. पहिलं वर्षभर जातात. मग फाटकापासूनच परत फिरतात. मग एकदा चुकतं, दोनदा चुकतं. आणि मग जायला तोंड राहत नाही."

अप्पा पेपर अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, त्यामुळे त्यांना सगळ्या विषयांची माहिती असते. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, तुमच्या वडलांचं जनरल नॉलेज जबरदस्त आहे.

हल्ली जेवत मात्र नाहीत नीट.

५ मार्च, गुरुवार

१४४/९०. पंचाला पत्र लिहायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पाच कागद फाडले. "सप्रेम नमस्कार, आम्ही आपणांस बारा वर्षे शिव्या दिल्या" ही काय सुरुवात झाली? पण दुसरी कुठलीच खरी वाटेना. शेवटी तीच ठेवली. पुढे लिहिलं की आता तुमच्याकडे बघितलं, हात दाबलेला बघितला. तुमचा डोळा गेला त्याचं वाईट वाटतं. त्या वेड्या माणसावर आमचा जीव होता, तुमच्यावर नव्हता, याची लाज वाटते. आणि "झोपलास का" ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो.

अप्पांना तपासायला दिलं. छापखान्यातला माणूस, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्यांना जेवण पचत नाही. चष्मा पुसला, लाल पेन घेतलं, सहा चुका काढल्या. मग "वेड्या" वर बराच वेळ पेन धरून बसले. तो शब्द खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं, "आजारी".

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, राग निवळला म्हणायचा.

१८ मार्च, बुधवार

१४०/८८.

उत्तर आलं! पंचाच्या बायकोच्या अक्षरात, त्याने सांगितलेलं. अप्पांनी मोठ्याने वाचलं. इथे उतरवून ठेवते, पत्र हरवलं तर.

"ताई, पंचाला शिव्या द्यायच्याच असतात, त्यासाठीच त्याला उभा करतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझा डोळा गेला, उजव्या पायाला अजून जोर नाही. राग येतो. सकाळी जास्त येतो, दाढी करताना. मला तीन वर्षं माहीत होतं आणि मी झाकलं, कारण खेळ बंद पडला असता. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी त्याला भेटायला गेलेलो नाही. माझी बायको म्हणते, कधीच जाऊ नका. ती हे लिहितेय आणि मान हलवतेय. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. त्याची बहीण दर गुरुवारी जाते. तिने सांगितलं की औषध लागू पडतंय, आणि ती गेली की तो आधी एकच विचारतो, पंच कसा आहे. दुसरं काही बोलायच्या आधी. दर वेळी. ती सांगते, आणि पुढच्या गुरुवारी तो परत विचारतो."

इथपर्यंत वाचून अप्पांनी कागद माझ्या हातात दिला. "पुढचं तू वाच, अक्षर बारीक आहे." अक्षर चांगलं टपोरं होतं. मी मान वर केली तर ते खोलीत नव्हते.

२० मार्च, शुक्रवार

आकडा लिहीत नाही. काय असेल तो असो.

आज दुपारी अप्पा दुकानात आले. हातात पाकिटांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. त्या वर्गणीवाल्या संस्थेचीच. ह्यांना म्हणाले, "हातोडी ठेव खाली." हे घाबरले. लहानपणी मार खायच्या आधी हेच वाक्य ऐकायचे म्हणे.

अप्पांना धाकटा भाऊ आहे. होता नाही, आहे.

पंचावन्न वर्षांपूर्वी, अप्पा तेवीसचे, धाकटा एकोणीसचा. धाकट्याला वाटायला लागलं की घरात वावरते ती आई नाही, आईसारखी दिसणारी दुसरीच कोणी बाई आहे. रात्रंदिवस आई कुठे गेली विचारायचा, आईलाच. एक दिवस त्याने लोखंडी इस्त्री उचलून तिच्या हातावर घातली. हात दोन जागी मोडला. अप्पांनी त्याला दोराने बांधलं, हातगाडीवर घालून मनोरुग्णालयात नेलं, कागदावर सही केली. वर्षभर भेटायला गेले. मग नाही. आई म्हणायची, "मला ने," तर अप्पा म्हणायचे, "तो ओळखत नाही कुणाला." मग आई गेली. मग गाव सोडलं, घर बदललं, आणि नव्या शेजाऱ्यांना सांगितलं, भाऊ तापाने गेला. सासूबाईंनाही तेच सांगितलं. "एकदा छापून गेलं की दुरुस्ती कशी करणार?" अप्पा म्हणाले.

पाकिटं मी उघडली. दर वर्षी एक कागद: प्रकृती ठीक, वजन अमुक, पत्ता बदलला असल्यास कळवावे. अप्पा पत्ता तेवढा कळवत असत. म्हणून तर पाकिटं बरोबर यायची.

मला आधी राग आला, खोटं कशाला लिहू? बारा वर्षं ज्यांच्याबरोबर एका सोफ्यावर बसून ओरडले त्यांच्या पोटात हे होतं. मग आठवलं, "त्याला कुणीतरी बोलावतंय." अख्ख्या स्टेडियममध्ये ते कळणारा एकच माणूस, आणि तो माझ्या शेजारी बसून चहा गार करत होता. आणि मी म्हणे जनरल नॉलेज.

ह्यांनी हातोडी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मला काका आहे?"

"आहे," अप्पा म्हणाले.

"पन्नासाव्या वर्षी काका मिळाला," हे माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांना रडू येत होतं की हसू, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

२६ मार्च, गुरुवार

१४२/८८.

अप्पा जायला तयार नाहीत. सहा दिवस हेच चाललंय. आज मी सरळ विचारलं, "का नाही?"

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ह्याच. दुसरं आणलंय का?"

"सूनबाई, तू थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत, अप्पा. पंच गेला नाही, तर मी त्याला एक शब्द बोलणार नाही. त्याने मार खाल्लाय. तुम्ही मार खाल्लेला नाही. तुम्ही सही केलीत आणि घाबरलात."

फार झालं बहुतेक. पण संध्याकाळी ताटातलं सगळं जेवले, आणि उठताना म्हणाले, "माझ्या त्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय बघ."

२८ मार्च, शनिवार

१३८/८८.

मंडळात पाचच जण. पीटी सर येत नाहीत आता, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. घड्याळजींनी भिंतीवरचे फोटो काढायला घेतले होते, चार काढले आणि पाचव्याशी स्टूल टेकवून बसून राहिले. बनाव आहे असं हल्ली म्हणत नाहीत. सिस्टरनी एक कार्ड आणलं होतं, गेंड्याच्या बहिणीकडून त्याला द्यायला. आत एवढंच, "औषध घेत जा. आम्ही शनिवारी चहाला जमतो." सगळ्यांनी सही केली. मी पेन घेतलं आणि पंचाची बायको डोळ्यासमोर आली, मान हलवत पत्र लिहिणारी. पेन खाली ठेवलं. म्हटलं, आत्ता नाही जमत. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे, वहिनी, जबरदस्ती थोडीच आहे." अप्पांनी मात्र केली. लपेटदार, छापल्यासारखी.

मग काही तरी विषय निघाला आणि घड्याळजींनी गेंड्याने टकल्याला तिसऱ्या रांगेत फेकला होता त्याची नक्कल केली, आणि आम्ही पोट धरून हसलो. हसू थांबल्यावर जरा वेळ कुणी कुणाकडे बघेना. ते हसणं खरं होतं, त्याला काय करणार? पंचाचा डोळाही खरा आहे. मी दोन्ही घेऊन घरी आले.

९ एप्रिल, गुरुवार

गेलो.

दोन तासांचा रस्ता. टेम्पोत पुढे आम्ही तिघं, कारण गाडी म्हणजे आमच्याकडे तोच. अप्पा निळ्या शर्टात, मध्ये बसून, मांडीवर पाकिटांचा गठ्ठा. फाटक दिसलं तेव्हा म्हणाले, "रंग बदलला." नंतर, "पूर्वी हिरवं होतं." नंतर, "परत फिरू या." ह्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गाडी आत घातली.

नोंदवहीपाशी बसलेल्या बाईने नाव शोधलं, मग आमच्याकडे बघितलं, मग परत वहीकडे. "नातं?" अप्पा गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागले. मी म्हटलं, "भाऊ. थोरले."

धाकटे काका मागच्या पडवीत होते. मी काय कल्पना केली होती कोण जाणे, पण समोर एक स्वच्छ, बारीक, चष्मेवाला म्हातारा बसला होता आणि खुर्चीला वेताची जाळी विणत होता. हुबेहूब अप्पांचे कान. शेजारी बादलीत वेत भिजत घातलेला. मी आधी जाळीच बघितली, सवयच ती. एक वीण सैल नव्हती. आमच्याकडे असा हात असता तर मी तीन दुकानं काढली असती.

अप्पा समोर जाऊन उभे राहिले. "मी आलोय. दादा."

काकांनी वर बघितलं. नीट, सावकाश. "दादा एवढा म्हातारा नाही," म्हणाले, आणि परत विणायला लागले.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. तसा चेहरा मी त्यांचा सासूबाई गेल्या तेव्हाही बघितला नव्हता. मी एक रिकामी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, आणि स्वतः खाली बसून वेताचं टोक धरलं, ताण नीट यावा म्हणून. काकांनी हरकत घेतली नाही. "ओढू नका, नुसतं धरा," म्हणाले. असे पाच-सहा धागे झाले. मग हात न थांबवता काका म्हणाले, "दादा भेटला तर त्याला एक विचारायचंय. आईचा हात बरा झाला का?"

ह्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

मला वाटलं, अप्पा म्हणणार, झाला, चांगला झाला. मी असते तर तेच म्हटलं असतं. पण ऱ्हस्व-दीर्घ न सोडणारा माणूस. म्हणाले, "जुळला. थोडा वाकडा राहिला. पण शिवायची, स्वयंपाक करायची. तुझ्यावर रागावली नव्हती. तुला बघायला येते म्हणायची. मी आणलं नाही."

"वाकडा राहिला," काका म्हणाले. वेत बाजूला ठेवला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. अगदी अप्पा पुसतात तसा, आधी डावी काच. मग चष्मा घालून परत बघितलं. "दादा, तुझे केस कुठे गेले?"

अप्पांना आले ते हुंदकेच. काका त्यांच्या गुडघ्यावर थोपटत राहिले, अनोळखी लहान पोराला थोपटतात तसे, जरा अंतर ठेवून. मग त्यांची नजर ह्यांच्याकडे गेली. हे खांबाला टेकून उभे, हातात टेम्पोची किल्ली.

"हा कोण?"

"माझा मुलगा," अप्पा म्हणाले. "आणि ही सून."

"मुलगा? केव्हा झाला?"

"पन्नास वर्षं झाली."

काकांनी ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, टक्कल, पोट, सगळं. "मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती. बातमी उशिरा कळली, एवढंच.

"आता सांगतो," अप्पा म्हणाले. नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली, आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. त्या दिवशी फाटकातून बाहेर पडल्यावर पाऊस होता की ऊन, तिथपासून. छापखान्यात नोकरी कशी लागली, पहिल्या दिवशी कोणता मजकूर जुळवला, घर का बदललं. शेजाऱ्यांना काय सांगितलं, तेही. काका मध्येमध्ये थांबवून विचारत, "मग शिंपीकाका कुठे गेले?" "मग पिवळ्या कुत्र्याचं काय झालं?" आणि अप्पा एकेकाचं सांगत. कुठलंही माणूस गाळायला काका तयार नव्हते. मी वेताचं टोक धरून, हे पायरीवर बसून ऐकत होतो. यातलं निम्मं आम्हालाही नवीन होतं.

पाच वाजता घंटा झाली आणि बाई सांगायला आल्या, वेळ संपली. अप्पा तेव्हा जेमतेम स्वतःच्या लग्नापर्यंत पोचले होते.